रिमोटची गाडी आणि रिमोट जुळवायचे कसे? फ्रिक्वेन्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीतल्या पोरांची बंद पडलेली रिमोटची खेळणी रविवारी माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यातली बरीचशी खरं तर बिघडलेली नसतातच, रिमोट हरवलेला असतो नाहीतर भलत्याच गाडीचा रिमोट घेऊन पोरगं बटणं दाबत असतं, आणि घरचे म्हणतात टाकून दे, नवीन आणू. धडधाकट मोटरची गाडी कचऱ्यात गेलेली मला बघवत नाही, म्हणून तेच तेच विचारले जाणारे प्रश्न एकदा नीट लिहून काढतोय. फ्रिक्वेन्सी म्हणजे रिमोट ज्या रेडिओ लहरीवर गाडीशी बोलतो तिचा आकडा, पुढे नुसतं २७, ४९ किंवा २.४ म्हटलं की तोच.

फ्रिक्वेन्सी कुठे लिहिलेली असते? मला तर कुठेच दिसत नाही.

गाडी उलटी करा. सेलच्या झाकणाजवळ प्लास्टिकमध्येच उठावाने २७ मेगाहर्ट्झ किंवा ४९ मेगाहर्ट्झ असं कोरलेलं असतं, नाहीतर छोटा गोल स्टिकर असतो. रिमोटच्या पाठीवर किंवा सेलच्या कप्प्याच्या आतल्या बाजूला पण बघा, आणि खोकं असेल तर त्याच्या कडेला हमखास छापलेलं असतं. म्हणून खोकं लगेच फेकू नका, निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कुठेच नसेल तर रिमोटचे चार स्क्रू काढा. आत चकचकीत पत्र्याची चपटी डबी दिसेल, तो क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, त्याच्यावर २७.१४५ किंवा ४९.८६० असा आकडा असतो. एरियलवरून पण अंदाज येतो. रिमोटला ओढून लांब करायची स्टीलची एरियल किंवा लांब वायर असेल तर तो २७, ४० किंवा ४९ वाला जुन्या पद्धतीचा, आणि एरियल दिसतच नसेल किंवा बोटाएवढी आखूड असेल तर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झ. इन्फ्रारेडच्या रिमोटला पण एरियल नसते, पण त्याचं वेगळं आहे, ते खाली लिहिलंय.

२७ चा रिमोट ४९ च्या गाडीला चालेल का?

नाही. गाडीतला रिसीव्हर, म्हणजे लहरी पकडणारा भाग, ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो तेवढंच त्याला ऐकू येतं, विविधभारती लावल्यावर दुसरं स्टेशन ऐकू येत नाही तसं. बरेच जण विचारतात की नुसता क्रिस्टल बदलून २७ चा ४९ करता येईल का, तर तेही जमत नाही, कारण क्रिस्टलच्या पुढची कॉइल (तारेचं वेटोळं), कपॅसिटर आणि एरियल सगळं २७ च्या हिशोबानं बसवलेलं असतं.

दोन भावांना एकसारख्या दोन गाड्या आणल्या आणि एकाच रिमोटवर दोन्ही पळतात. गाड्या खराब आहेत का?

अजिबात खराब नाहीत. दोन्ही २७ च्या आल्यात एवढंच. स्वस्त गाडीतल्या रिसीव्हरला आपला रिमोट कोणता आणि शेजारच्याचा कोणता हे ओळखायची काही सोय नसते, २७ वर हुकूम आला की तो पाळायचा एवढंच त्याला कळतं. म्हणूनच कंपन्या एकच मॉडेल दोन फ्रिक्वेन्सीत काढतात, अमेरिकेसाठी २७ आणि ४९ ची जोडी, युरोपसाठी २७ आणि ४०, म्हणजे दोन मुलं शेजारी शेजारी खेळू शकतील. पण दुकानात सगळा एकच लॉट येतो आणि दुकानदार वरची दोन खोकी काढून देतो.

परत करायची मुदत असेल तर एक गाडी बदलून घ्या. नसेल तर खाली रिमोट हरवल्याच्या प्रश्नात गाडीतला सर्किट बोर्ड बदलायचं लिहिलंय, एका गाडीत ते करून टाका. नुसतं लांब जाऊन खेळा म्हणून भागत नाही, कारण अशा गाड्यांची रेंज दहापंधरा मीटर असते आणि आपल्याकडच्या पार्किंगमध्ये पोरं तेवढी लांब जाऊच शकत नाहीत.

माझ्या रिमोटवर २७.१४५ आहे आणि गाडीच्या खोक्यावर २७.०९५. एवढ्याशा फरकानं अडतं का?

खेळण्यातल्या गाडीत बहुतेक वेळा अडत नाही, हॉबीच्या, म्हणजे शौकिनांच्या महागड्या गाडीत मात्र अडतं.

२७ च्या पट्ट्यात सहा चॅनेल ठरलेले आहेत आणि प्रत्येकाला रंग आहे. २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा आणि २७.२५५ निळा. पूर्वी हॉबीवाले आपापल्या एरियलला त्या रंगाची फीत बांधायचे, म्हणजे लांबूनच कळायचं कोण कुठल्या चॅनेलवर आहे. हे आकडे असे विचित्र का, तर अमेरिकेतल्या सिटिझन बँड रेडिओच्या (सामान्य लोकांनी एकमेकांशी बोलायच्या) चॅनेलांच्या मधल्या फटीत ते बसवलेत. पिवळा २७.१४५ हा तिथल्या चॅनेल १५ आणि १६ च्या मध्ये येतो, आणि निळा तर चॅनेल २३ च्या डोक्यावरच बसतो. खेळण्यात सगळ्यात जास्त पिवळाच सापडतो.

आता खेळण्यात का अडत नाही ते. स्वस्त गाडीत सुपर रीजनरेटिव्ह नावाचा रिसीव्हर असतो, एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ साली काढलेली युक्ती, एका ट्रान्झिस्टरवर काम भागतं म्हणून शंभर वर्षांनंतरही खेळण्यात तीच वापरतात. मला याचं खरंच फार कौतुक वाटतं. पण त्याचा कान मोठा असतो, सहाही चॅनेल त्याला एकच वाटतात. गाडीच्या बोर्डवर क्रिस्टल नसेल आणि नुसती कॉइल असेल तर तो हाच.

हॉबीच्या जुन्या गाडीत किंवा बोटीत मात्र गाडीतही क्रिस्टल असतो आणि तो ४५५ किलोहर्ट्झ खालचा असतो, म्हणजे रिमोटमध्ये २७.१४५ तर गाडीत २६.६९०. क्रिस्टल बदलायचे तर जोडीनंच बदलायचे. रिमोटचा क्रिस्टल गाडीत आणि गाडीचा रिमोटमध्ये घातला तर काहीच चालत नाही आणि माणूस उगाच पूर्ण बोर्ड उकलत बसतो. काढताना कुठला कुठे होता ते लिहून ठेवा.

फ्रिक्वेन्सी अगदी सारखी आहे, सेल नवे आहेत, तरी दुसऱ्या रिमोटनं गाडी हलत नाही. का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाहीत. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे नुसता आवाज पोचला, भाषा कळली असं नाही. मराठी माणसाला तमिळमधून कितीही मोठ्यानं पत्ता सांगितला तरी उपयोग नाही, तसंच.

रिमोटमधली चिप प्रत्येक बटणाचा एक कोड पाठवते आणि गाडीतल्या चिपला तो कोड ओळखता यायला लागतो. स्वस्त गाड्यांमध्ये बहुतेक वेळा टीएक्स-२बी आणि आरएक्स-२बी ही जोडी सापडते, रिमोटमध्ये पहिली आणि गाडीत दुसरी. तिचा हिशोब साधा आहे, आधी चार रुंद पल्स (सिग्नलचे ठोके) येतात म्हणजे लक्ष दे, हुकूम येतोय, आणि त्यानंतर बारीक पल्स मोजायचे, १० आले तर पुढे, ४० आले तर मागे, ५८ डावीकडे, ६४ उजवीकडे. बटण दाबून ठेवलं की हेच परत परत जात राहतं. ही जोडी असलेला २७ चा कुठलाही रिमोट त्याच जोडीच्या २७ च्या कुठल्याही गाडीला चालतो, कंपनी कुठलीही असो, जीप असो की जेसीबी. दोन भावांच्या गाड्या एकत्र पळतात ते याच्यामुळेच, आणि रिमोट हरवल्यावर गाडी वाचते तीही याच्यामुळेच.

पण चिप वेगळी असेल तर फ्रिक्वेन्सी जुळूनही गाडी ढिम्म. म्हणून दोन्हीचे स्क्रू काढून चिपवरचं नाव वाचा, पुसट असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून तिरका उजेड पाडा, दिसतं.

रिमोट हरवला आणि गाडी २७ ची आहे. काय करू?

आधी फुकटचा उपाय. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा की कुणाकडे २७ चा रिमोट पडलाय का. गाडी मोडून रिमोट तसाच राहिलेली घरं भरपूर असतात. कुणाचाही मिळाला की मागून आणा आणि लावून बघा, खेळण्यातल्या गाडीला चुकीच्या २७ च्या रिमोटनं काही इजा होत नाही, फार तर हलणार नाही. कधी कधी डावं बटण दाबल्यावर उजवीकडे वळते, तेव्हा गाडीतल्या स्टिअरिंगच्या मोटरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या की झालं.

नाही मिळाला तर रिमोट आणि गाडीतला बोर्ड असा जोडसेट विकत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा, ऑनलाईन पण असतो. नुसता रिमोट शोधण्यापेक्षा मला हाच रस्ता बरा वाटतो, कारण दोन्ही बाजू एकमेकांच्याच असतात आणि जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. आणि सेट घेतानाच २.४ चा घेतला तर शेजारच्या गाड्यांची भानगडही संपते.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. पहिली, गाडी किती सेलवर चालते, ३.७ व्होल्टच्या बोर्डला ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तर बोर्ड जळतो. दुसरी, पुढच्या चाकांच्या मोटरला किती वायरी आहेत, दोन असतील तर साधा बोर्ड चालतो, पाच असतील तर तो सर्वो (चाक हवं तेवढंच वळवणारी मोटर) आहे आणि त्याला त्याचाच बोर्ड लागतो. तिसरी, मोटर केवढी आहे, मोठ्या मॉन्स्टर ट्रकची मोटर छोट्या बोर्डवरचे ट्रान्झिस्टर काही मिनिटांत तापवते. जुना बोर्ड काढायच्या आधी वायरींच्या रंगाचा फोटो काढा, हे विसरू नका, नंतर कुठली लाल कुठली हे आठवत नाही.

२.४ गिगाहर्ट्झची गाडी रिमोटला कनेक्ट होत नाही. पेअर कसं करायचं?

इथे सगळं वेगळं आहे. २.४ मध्ये प्रत्येक रिमोटला स्वतःचा एक नंबर असतो आणि गाडी तो लक्षात ठेवते, म्हणून मैदानात दहा गाड्या असल्या तरी प्रत्येक गाडी आपल्याच रिमोटचं ऐकते. ही ओळख करून देण्याला बाइंडिंग म्हणतात. खेळण्यात ती बहुतेक वेळा चालू करताना आपोआप होते, पण क्रम चुकला की होत नाही.

आसपासची बाकी सगळी २.४ ची खेळणी बंद करा. गाडी आणि रिमोट हातभर अंतरावर ठेवा. गाडी चालू करा, तिचा दिवा भराभर लुकलुकेल, मग लगेच रिमोट चालू करा, दिवा स्थिर झाला की झालं. नाही झालं तर दोन्ही बंद करून उलट क्रमानं करा, आधी रिमोट मग गाडी, कारण कंपनीप्रमाणे क्रम बदलतो. ड्रोन असेल तर सपाट जमिनीवर ठेवा आणि चालू केल्यावर रिमोटची डावी काडी एकदा पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली आणा, बऱ्याच छोट्या ड्रोनना हीच खूण लागते, आणि पंख्यांपासून हात लांब ठेवा. हॉबीच्या रिसीव्हरला मात्र बाइंड लिहिलेलं बटण असतं किंवा बाइंड प्लग घालावा लागतो.

वाढदिवसाला चार पोरं एकाच वेळी चार गाड्या चालू करतात तेव्हा याची गाडी त्याच्या रिमोटला जाऊन बसते आणि मग भांडणं. एकेक करून चालू करा, पहिलीचा दिवा स्थिर झाला की मगच दुसरी.

२.४ चा रिमोट हरवला तर दुसऱ्या कंपनीचा २.४ चालेल का?

बहुतेक नाही, आणि याबाबतीत खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. खोक्यावर २.४ लिहिलंय म्हणजे सगळे एकच असं लोकांना वाटतं, पण आतली भाषा कंपनीगणिक निराळी असते. एका कंपनीचा रिमोट चॅनेल बदलत बदलत ज्या क्रमानं उड्या मारतो तो क्रम दुसऱ्या कंपनीच्या गाडीला माहीतच नसतो. फ्लायस्काय, स्पेक्ट्रम, फ्रस्काय ही हॉबीतली नावं, सगळी २.४ चीच, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. त्यामुळे युनिव्हर्सल रिमोट म्हणून कुणी विकत असेल तर गाडी सोबत नेऊन, तिथेच लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल नावाची एक चीज आहे, ती बऱ्याच भाषा बोलते, पण ती हॉबीच्या रिमोटला लागते आणि एका खेळण्यासाठी तेवढा खर्च परवडत नाही.

त्याच मॉडेलचा रिमोट सुटा मिळतो का बघा, मॉडेल नंबर गाडीच्या पोटावर असतो. नाही मिळाला तर वरचाच बोर्ड बदलायचा उपाय.

रिमोट खाली पडला, दिवा लागतो पण गाडी हलत नाही.

२७ किंवा ४९ चा असेल तर क्रिस्टल गेला असं धरून चाला. आत क्वार्ट्झची पातळ चकती असते, फरशीवर आपटली की तडकते. दिवा लागतो कारण दिव्याचा क्रिस्टलशी काही संबंध नाही. त्याच आकड्याचा क्रिस्टल आणून सोल्डर करा, किरकोळ पैशात काम होतं. त्याआधी सेलच्या पट्ट्या आणि एरियलची वायर तुटली नाही ना ते मात्र बघा.

गाडी चार पावलं गेली की थांबते. फ्रिक्वेन्सी सरकली असेल का?

सरकू शकते, पण तिथे सगळ्यात शेवटी जायचं. आधी सेल. रिमोटचे सेल उतरले की रेंज पहिली कमी होते आणि लोक गाडीचे सेल बदलत बसतात. मग एरियल पूर्ण ओढलीय का बघा. २७ च्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर, तिच्या पाव भागाची एरियल पावणेतीन मीटरची होईल, एवढी कुणी लावत नाही म्हणून आखूड वायरीवर कसंबसं भागवलेलं असतं, त्यातली अजून कापली किंवा गुंडाळून आत कोंबली की रेंज गेलीच. २.४ ला लहर साडेबारा सेंटीमीटरची, म्हणून तिथे तीन सेंटीमीटरच्या आसपासची तार पुरते.

मोटर बदलली असेल तर तिच्यावरचे छोटे कपॅसिटर परत लावलेत का? १०४ लिहिलेले असतात. ते नसले तर मोटरच्या कार्बनच्या ठिणग्यांचा खरखराट रिसीव्हरच्या कानात जातो, मग गाडी थांबून थांबून चालते.

हे सगळं ठीक असेल तरच कॉइल. गाडीच्या बोर्डवर एक कॉइल असते जिच्या मधोमध फेराइट नावाच्या काळ्या ठिसूळ पदार्थाचा स्क्रू असतो. आधी मार्करनं त्याची मूळ जागा खूण करून ठेवा. एकानं रिमोट घेऊन पुढेचं बटण दाबून लांब उभं राहायचं आणि दुसऱ्यानं स्क्रू अगदी थोडा थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा, चाक फिरायला लागलं की रिमोटवाल्यानं अजून मागे जायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरू नका, लोखंड जवळ आलं की कॉइलचं मापच बदलतं आणि काढलं की परत पहिल्यासारखं, शिवाय फेराइट कडकन फुटतो. मी प्लास्टिकची विणकामाची सुई घासून चपटी करून वापरतो, उत्तम चालते.

रिमोट काही पाठवतोय की नाही हे घरी कसं तपासायचं?

जुना शॉर्टवेव्ह रेडिओ जर ३० मेगाहर्ट्झपर्यंत जात असेल तर २७ च्या जवळ लावा आणि रिमोटचं बटण दाबा, गुरगुर ऐकू येते आणि प्रत्येक बटणाला सूर थोडा बदलतो. मुलांना हे जरूर ऐकवा, त्यांचे डोळे मोठे होतात. एफएमवर याचा उपयोग नाही. कम्प्युटरला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल असेल तर २७, ४० आणि ४९ तिन्ही पडद्यावर दिसतात, अगदी २७.१४५ की २७.०९५ इथपर्यंत, पण २.४ त्याच्या टप्प्यात येत नाही.

छोट्या हेलिकॉप्टरच्या रिमोटवर ए, बी, सी असं बटण आहे, ती फ्रिक्वेन्सी का?

ते बहुतेक इन्फ्रारेड आहे, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा उजेड, रेडिओ नाहीच. ए, बी, सी हे कोडचे चॅनेल, दोन्हीकडे एकच अक्षर हवं. उन्हात ते चालत नाही, घरात उडवा. मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरून बटण दाबलं की बऱ्याच फोनमध्ये जांभळट दिवा दिसतो, दिसला तर रिमोट चालू आहे.

न्यू जर्सीच्या मावशीनं ४९ ची गाडी पाठवलीय. इथे चालेल का, आणि लायसन लागतं का?

गाडी चालेल, लहरींना देश कळत नाही, फक्त चार्जर तिकडचा ११० व्होल्टचा असेल तर तो इथल्या भिंतीत लावू नका, आधी त्यावर २४० लिहिलंय का वाचा. कायद्याचं म्हणाल तर भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हे दोन पट्टे कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी लायसनमुक्त आहेत. ४९ या दोन्हींत बसत नाही, म्हणून इथे नवीन घेताना २७ किंवा २.४ च घ्यावं असं माझं मत. रिमोटची ताकद वाढवायचे व्हिडिओ दिसतात, त्याच्या नादी लागू नका, सूट कमी ताकदीलाच आहे.

नवीन घेताना आयएसआय मार्क पण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

हॉबीच्या विमानाला फ्रिक्वेन्सीची एवढी काळजी का घेतात?

कारण गाडी थांबते, विमान पडतं, आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर पडू शकतं. अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झवर ५० चॅनेल राखून ठेवलेले आहेत आणि जमिनीवरच्या गाड्यांसाठी ७५ चे वेगळे, युरोपात विमानांना ३५. मैदानावर एक फळी असायची, तिच्यावरची आपल्या चॅनेलची पिन काढून घेतल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही असा कडक नियम. दुसऱ्याचं विमान हवेत असताना त्याच चॅनेलवर कुणी नुसतं चाचणीसाठी बटण दाबलं तरी ते विमान गेलं. २.४ आल्यावर फळीची गरज संपली, पण कुणी जुना ७२ चा सेट दिला तर मैदानात नेण्याआधी तिथल्या जाणत्या माणसाला दाखवा, आणि मुलांच्या हातात तो मुळीच देऊ नका.

जुळ्या मुलांसाठी दोन गाड्या घ्यायच्यात. दुकानात नक्की काय मागू?

दोन्ही २.४ च्या द्या म्हणा. बजेटमध्ये बसत नसेल तर एक २७ आणि एक २.४, आणि खोक्यावरचे आकडे स्वतः वाचा. दुकानातच दोन्हीत सेल घालून, एकामागून एक दोन्ही चालू करून, मग एक रिमोट दाबून बघा. दुसरी गाडी हलली तर ती जोडी घेऊ नका. घरी आल्यावर गाडीच्या पोटावर आणि रिमोटच्या पाठीवर एकाच रंगाचा ठिपका नेलपॉलिशनं लावून ठेवा.